जिन्यातलं सासर

लग्न करून परदेशी निघालेल्या मुलीला नात्यातल्या बायका निरोपाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकवतात, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात किंचित हेवा असतो : "तुझं बरंय बाई, विचारायला कोणी नाही." ही समजूत कुठून आली कोण जाणे. ती पसरवणाऱ्या एकाही बाईने दक्षिण जर्मनीत भाड्याने घर घेतलेलं नसावं. स्टुटगार्टमध्ये तर नाहीच नाही.

स्टुटगार्ट मराठी माणसाला तसं परकं नाही. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे, आणि मोटारींच्या धंद्यामुळे पुण्याशी त्याची एवढी ये-जा, की चाकणला कोणी 'ऑनसाइट' म्हटलं की समोरचा पुढचं ऐकायच्या आधीच थंडीचे कपडे सुचवायला लागतो. आम्हीही त्याच वाटेने आलो. नवरा मिरजेचा, मी नाशिकची, नोकऱ्या पुण्यातल्या, आणि संसार मांडला तो फॉयरबाखमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्याला सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. समोरासमोर आम्ही त्यांना रीतसर 'फ्राउ' लावून आडनावाने हाक मारतो. घरात त्यांचं नाव 'काकू'. हे नाव त्यांना कोणी सांगू नये.

या भागाला श्वाबेन म्हणतात, आणि श्वाबेनमध्ये केरवोख नावाची एक संस्था आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्या-आठवड्याने सामाईक जागा झाडायची. छोटी केरवोख म्हणजे आपल्या मजल्यापुरता जिना. मोठी केरवोख म्हणजे तळघर, मुख्य दरवाजा, कचऱ्याच्या डब्यांची जागा, बाहेरचा फुटपाथ. आणि हिवाळ्यात त्या फुटपाथवरचं बर्फ, तेही कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक पाटी लटकते. आठवडा संपला की ती काढून पुढच्या दाराला अडकवायची. बोलायचं काहीच नसतं. रविवारी संध्याकाळी दाराबाहेर लाकूड खुट् करून वाजतं, पावलं खाली उतरतात, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

या प्रथेचं मूळ शोधणारे थेट १४९२ पर्यंत जातात. त्या वर्षी इथल्या काउंट एबरहार्डने, म्हणजे इतिहासात 'दाढीवाला' म्हणून नोंद असलेल्या एबरहार्डने, हुकूम काढला की शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपल्या घरचं शेणखत दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावं. त्याच वर्षी कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. एकाच युरोपात एकाच वर्षी एका माणसाला घराबाहेर काय आहे याची ओढ लागली होती, आणि दुसऱ्याला घराबाहेर काय पडलंय याची. जग पहिल्याला लक्षात ठेवतं. फॉयरबाख दुसऱ्याला.

पुढे १७१४ मध्ये गल्ल्या झाडण्याची स्वतंत्र नियमावली आली, आणि मग पिढ्यान् पिढ्या झाडू चालत राहिला. १९८८ मध्ये महापालिकेने आपल्या बाजूची साप्ताहिक सक्ती शिथिल केली. महापौर होते मानफ्रेड रोमेल, म्हणजे वाळवंटातल्या लढायांमुळे गाजलेल्या फील्ड मार्शल रोमेल यांचे चिरंजीव. गरज असेल तेव्हा झाडा, असा उदार पवित्रा शहराने घेतला. घरमालकांनी मात्र भाडेकरारातलं कलम तसंच ठेवलं आणि काकूंच्या पिढीने ती बातमी वाचलीच नाही. मला काकू म्हणाल्या होत्या, "गरज कोण ठरवणार?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं.

गंमत अशी की आमचा जिना कायम स्वच्छच असतो. दर आठवड्याला झाडला गेल्यावर तो मळणार कधी? मी सुरुवातीला सुपलीत काय जमतं ते बघायची : एखादा केस, चिमूटभर वाळू, एकदा शर्टाचं बटण. ते बटण मी कठड्यावर ठेवलं, संध्याकाळी ते कुणीतरी नेलेलं होतं. पण इथे केर काढणं हा मुद्दाच नाही. केर काढला जातोय हे इतरांना कळणं हा मुद्दा आहे. बादली आदळली पाहिजे, झाडू कठड्याला दोनदा लागला पाहिजे. नवऱ्याने हे न समजून घेता काम शुक्रवारी रात्री साडेनऊला, मोजे घालून, आवाज न करता उरकायला सुरुवात केली. जिना लख्ख. शनिवारी सकाळी काकू भेटल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला ऑफिसात फार काम असतं वाटतं." वाक्य जर्मनमध्ये होतं, पण मी ते मिरजेत मराठीतून ऐकलेलं होतं.

तेव्हापासून नवरा शनिवारी दहाला झाडतो, आणि बादलीसह. केरवोख त्याने आपणहून अंगावर घेतली, कारण तो सध्या या देशाच्या प्रेमात आहे. एकदा सासूबाईंशी फोनवर बोलता बोलता घाईत म्हणाला, "आई, नंतर करतो फोन, या आठवड्यात माझी पाळी आहे." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई हळूच म्हणाल्या, "तिला दे जरा फोन."

नवऱ्याचं घरकाम ही परदेशातल्या संसाराची मोठीच उपलब्धी, असं माझ्या मैत्रिणींना वाटतं. मला वाटतं श्रेय पाटीचं आहे. घरातली भांडी घासायची पाटी कोणी दाराला लटकवत नाही, म्हणून ती अजून वादात आहेत.

पाटीवरून आठवलं. इथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि आडनाव, एवढ्यावर पोस्टमन तुम्हाला शोधतो. आडनाव टपालपेटीवर आणि घंटेवर नसेल तर तुम्ही त्या घरात राहतच नाही, मग भले खिडकीतून हात हलवा. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, आणि आम्हा दोघांचीही आडनावं 'कर'ने संपणारी, ऐसपैस. ती दोन्ही मावतील एवढी घंटेची पट्टी जर्मनीत बनत नाही. शेवटी त्याच्या नावाखाली माझं, अशा बारीक अक्षरांत ती बसवली, की वाचायला पोस्टमनला चष्मा पुसावा लागतो. काकूंनी पट्टी नीट वाचली आणि विचारलं, "म्हणजे तुमचं लग्न झालेलं नाही?" मी लगबगीने म्हणाले, झालंय, झालंय, चांगलं चारशे माणसांत झालंय. त्या म्हणाल्या, "नसलं तरी काही हरकत नाही. पण सायकल खालच्या बोळात ठेवू नका."

लग्नाबद्दल काकूंना हरकत नसली तरी सरकारला ते सविस्तर माहीत करून घ्यायचं असतं. जर्मनीत पगारदारांचे कर-वर्ग असतात, एक ते सहा. नवरा-बायकोंना निवड असते : दोघांनी चौथा वर्ग घ्यावा, किंवा जास्त कमावणाऱ्याने तिसरा आणि कमी कमावणाऱ्याने पाचवा. तिसऱ्याच्या पगारातून कर हळुवारपणे कापतात, पाचव्याच्या पगारातून कचकचून. वर्षअखेरीस विवरणपत्र भरलं की दोघांचा मिळून हिशोब तोच येतो, हे कागदावर कोणालाही पटतं. नवऱ्याने मला ते आलेख काढून पटवलं. मग पहिल्या महिन्याची पगारपत्रकं आली. त्याच्या हातात घसघशीत रक्कम, माझ्या हातात दिवाळीची ओवाळणी. तो म्हणाला, "अगं, पैसे एकाच घरात आहेत ना!" हे वाक्य तिसऱ्या वर्गातले लोकच म्हणतात. पुढच्या महिन्यात आम्ही अर्ज करून दोघंही चौथीत बसलो.

आता पलंग. जर्मन डबलबेड हा डबल फक्त चौकटीपुरता असतो. आत दोन गाद्या, त्यावर १३५ बाय २०० सेंटिमीटरची दोन स्वतंत्र पांघरुणं, आणि डोक्याला ८० बाय ८० ची भलीमोठी चौकोनी उशी, जिचं नेमकं काय करायचं हे आम्हाला अजून उलगडलेलं नाही. दोन गाद्यांमध्ये फट असते. एवढ्या फटीत रात्री मोबाइल पडला की सकाळी ऑफिसला उशीर होतो. पलंग घ्यायला गेलो तेव्हा मी दुकानातल्या माणसाला विचारलं, दोघांना मिळून एकच मोठं पांघरूण नाही का? त्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि विचारलं, "का?" मला सांस्कृतिक कारणं देता येईनात. आम्ही दोन पांघरुणं घेऊन आलो. आणि सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या लग्नात त्या एका निर्णयाइतकी शांतता दुसऱ्या कशाने आणलेली नाही. भारतात गेलो की एका रजईत रात्रभर जी खेचाखेच चालते ती आता आम्हाला रानटी वाटते. अर्थात हे तिकडे सांगायची सोय नाही. दोन पांघरुणं म्हटलं की मिरजेत भुवया वर जातात आणि माझ्या आईला नाशिकहून फोन.

पण जी गोष्ट आमच्यात खरोखर आली ती खिडकी.

जर्मन माणसाला युद्धापेक्षा बुरशीची भीती जास्त. घर उबदार, बाहेर थंडी, आत माणसं श्वास घेतात, भात शिजवतात, अंघोळी करतात. ती वाफ भिंतीवर बसते आणि कोपरा काळा पडतो. उपाय एकच : दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून घरातल्या सगळ्या खिडक्या एकदम सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, बाहेर उणे सात असलं तरी. कित्येक भाडेकरारांत हे लिहिलेलं असतं. आमच्यात आहे. आणि नवऱ्याने तो करार शब्दकोश घेऊन पूर्ण वाचलाय; स्वतःच्या नोकरीचा करार त्याने एवढा वाचलेला नाही.

मिरजेच्या घरात पंख्याचा वेग दोनवरून तीनवर नेला तरी "सर्दी होईल" म्हणणारा हा माणूस. तो आता जानेवारीत सकाळी सहाला उठून घरभर खिडक्या उघडत फिरतो. मी दोन्ही पांघरुणं अंगावर घेऊन मधोमध बसते. गरम वरण-भात ताटात वाढला की बरोब्बर त्याला हवेची आठवण होते. तूप ताटातच पुन्हा थिजतं. मी काही बोलले की तो स्वतःचं मत देतच नाही. "मी म्हणतो म्हणून नाही गं, कलम अकरा आहे." इथे मला एक गोष्ट कळली. आपल्याकडे नवरा-बायकोच्या भांडणात तिसरं माणूस असतं. सासू असते, नणंद असते, शेजारच्या वहिनी असतात. न्याय मिळतो असं नाही, पण सुनावणी होते. इथे दोघंच. मग आम्ही हळूहळू नियमावलीलाच पंच केलं. तो कलम अकरा काढतो, मी कलम चौदा, जिथे बाल्कनीत चपला वाळत घालू नयेत असं म्हटलंय. एकमेकांना "तू नेहमी असंच करतोस" असं म्हणणं आम्ही जवळजवळ बंद केलंय. आता आम्ही कागद दाखवतो.

माझ्या बाजूने खिडकीचा एकच उपयोग : फोडणी. इथले लोक संध्याकाळी पाव, चीज, काकडी असं गार जेवतात. त्यामुळे साडेसात वाजता अख्ख्या इमारतीत फक्त आमच्या घरी काहीतरी तडतडत असतं. हिंग जिना उतरून जातो. फोडणीच्या आधी कोट कपाटात, कपाट बंद, झोपायच्या खोलीचं दार बंद, अशी आमची कवायत ठरलेली. नाहीतर सोमवारच्या मीटिंगमध्ये आपल्याआधी आपलं कालचं जेवण पोचतं. काकू वासाबद्दल कधी तक्रार करतील याची मी वाट बघत होते. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी अभिप्राय दिला. जिन्यात थांबवून म्हणाल्या, "गुरुवारचं चांगलं होतं." गुरुवारी लसणाची फोडणी घातलेली आमटी होती. मी खूश झाले. मग म्हणाल्या, "मंगळवारी मात्र काय झालं होतं?" मंगळवारी नवऱ्याने हौसेने सुकट परतली होती, आणि त्या रात्री आम्ही चारी खिडक्या उघड्या टाकून, अंगात कोट घालून, टोपी चढवून जेवलो होतो. ते आठवून मी म्हणाले, "पाहुणे आले होते." काकू म्हणाल्या, "बरं झालं गेले."

देवाधर्माच्या बाबतीत मात्र श्वाबेन लोक आपल्याला समजण्यासारखे आहेत. माउलटाशन नावाचा इथला एक पदार्थ आहे : पीठ लाटून, आत खिमा आणि पालक भरून, चौकोनी घड्या घालून उकडलेला. दंतकथा अशी, की माउलब्रोन मठातल्या साधूंनी ईस्टरपूर्वीच्या उपवासात मांस पालेभाजीत मिसळून पिठात लपवलं, म्हणजे वरून देवाला दिसायला नको. याला इथे देवाला गंडवणारा पदार्थ असंच लाडाचं नाव आहे. नवरा ही कथा श्रावणात मला दरवर्षी नव्याने सांगतो.

रविवार हा तर आणखी वेगळा प्रकार. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. आळस म्हणून बंद नव्हे, राज्यघटनेने बंद. १९१९ च्या वायमार घटनेत रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आत घेतलं. शनिवारी रात्री कोथिंबीर संपली असेल तर ती घटनात्मकरीत्या संपलेली असते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या टाकीत टाकायच्या नाहीत. कारण पांढरी काच, हिरवी काच, तपकिरी काच अशा तिन्ही टाक्यांत ती खळ्ळकन वाजते. निळी बाटली हिरव्यात जाते. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पाढे येत नाहीत.

मग पुरणपोळीचं काय? आमच्या घरी सण सोयीने रविवारी येतात. पुरण वाटायला मिक्सर लावला की नवरा धावत येऊन तो बंद करायचा. मी त्याला नियमातून दाखवून दिलं की घरगुती वापराच्या किरकोळ आवाजाला बंदी नाही. तो म्हणाला, तुझा मिक्सर किरकोळ नाही. तडजोड म्हणून कुकरला रविवारी फक्त भातापुरती शिट्टी मंजूर झाली. तीही काकूंनी ऐकली. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनचं नूतनीकरण २०१० पासून चालू, आणि उद्घाटनाची तारीख दर थोड्या दिवसांनी पुढे सरकत आलेली. वेळेच्या बाबतीत अभिमानी असलेल्या शहराची ही दुखरी नस. काकू म्हणाल्या, "तुमच्याकडून तरी गाडी सुटते, छान वाटतं." त्यांनी केलेला हा पहिला विनोद. आम्हाला तो घरी येऊन समजला.

दुकान नाही, खिळा नाही, बाटली नाही, तर रविवारी माणसं करतात काय? चालतात. हे शहर एका मोठ्या खोलगट वाडग्यात वसलंय, चारी बाजूंनी टेकड्या, द्राक्षमळे, जंगल आणि चारशेच्या वर जुने दगडी जिने. दुपारी जेवून जोडपी निघतात. वयानुसार त्यांच्यातलं अंतर वाढत जातं : तरुण हात धरून, मधल्या वयाची शेजारी, सत्तरीची पंधरा पावलं पुढे-मागे. पण जॅकेट मात्र साठीनंतर दोघांचं सारखं, एकाच रंगाचं, एकाच दुकानातलं. आम्ही यावर फार हसलो होतो. मग सेलमध्ये दोन घेतल्यास दुसरं अर्ध्या किमतीत, अशी पाटी दिसली. रंग एकच शिल्लक होता. आता आम्ही दोघं जंगलात गेलो की लांबून पोस्टखात्याचे कर्मचारी वाटतो.

एक गोष्ट मात्र आमच्याने झाली नाही. स्टुटगार्टला खनिज पाण्याचे झरे आहेत, बुडापेस्टनंतर युरोपात मोठा साठा इथलाच म्हणतात. बाट कानश्टाटच्या बाजूला त्यावर मोठमोठी स्नानगृहं आहेत, आणि स्नानगृहाला लागून सॉना. सॉनात कपडे घालून जाणं अस्वच्छ समजतात. स्त्री-पुरुष एकत्र, आणि नियम एकच : टॉवेल खाली पसरा, घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये. लाज नव्हे, लाकूड जपायचं. नवरा म्हणाला, एकदा बघू तरी. मी बाहेर पाण्यात पाय सोडून बसले, तो टॉवेल गुंडाळून आत गेला आणि दोन मिनिटांत लालबुंद होऊन परत आला. उष्णतेने नव्हे. आत वरच्या पायरीवर त्याच्या ऑफिसातले वरिष्ठ साहेब बसले होते, नियमानुसार. त्यांनी उठून हस्तांदोलन केलं आणि सोमवारच्या सादरीकरणाची चौकशी केली. नवऱ्याने छताच्या फळ्यांकडे बघत सगळी उत्तरं दिली. त्याला सर्वात जास्त कशाने हलवलं असेल, तर त्या अवस्थेतही साहेब त्याला अहो-जाहोच करत होते.

वाढदिवसाचं तर आमच्या घरी कायमचं त्रांगडं होऊन बसलंय. इथे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. कोणी चुकून दिल्या तर समोरच्याचा चेहरा पडतो. आणि भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे. माझा वाढदिवस जूनमध्ये. आदल्या रात्री साडेआठला, इथे अजून ऊन असताना, नाशिकला बारा वाजतात आणि आई-बाबा, दोन मावश्या, एक आत्या आणि सोसायटीचा ग्रुप धडाधड फोन करतात. नवरा हल्ली फोन हातातून काढून घेतो. "अजून साडेतीन तास थांबा म्हणावं." माझ्या आईला हे सांगायचं कसं? एकदा सांगितलं. ती म्हणाली, "जावई बरे आहेत ना?"

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सासूबाई आल्या. नव्वद दिवसांचा व्हिसा, सामानात चकलीची भाजणी, सोऱ्या, पणत्या आणि लक्ष्मीपूजनासाठी नवी कोरी केरसुणी, साडीत गुंडाळून. मी धास्तावले होते. इतकी वर्षं काकूंना एकट्या सांभाळत होते, आता दोन आघाड्या. आई आल्या ते दिवस पानगळीचे, फुटपाथभर मेपलची पानं, आणि नेमकी मोठी केरवोख आमच्या दाराला लटकलेली. पहिल्याच पहाटे, आम्ही उठायच्या आत, त्या स्वेटरवर शाल घेऊन खाली गेल्या आणि गेटपासून कोपऱ्यापर्यंत फुटपाथ झाडून आल्या. आमचा भाग संपून शेजारच्या इमारतीचाही. काकू खिडकीतून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी काकूही कोट घालून बाहेर आल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. आई "इथं इथं" म्हणायच्या, काकू "या या" म्हणायच्या, म्हणजे होकार द्यायच्या, आणि दोघींना वाटायचं संभाषण चाललंय. माझं नाव मधून मधून ऐकू यायचं.

लक्ष्मीपूजनाला काकूंना फराळाला बोलावलं. वेळ सहाची दिली, त्या सहाला एक मिनिट कमी असताना दारात. पाटावर लक्ष्मीचा फोटो, शेजारी केरसुणी उभी, आणि आई तिला हळद-कुंकू वाहून हात जोडत होत्या. काकू थबकल्या. मला हळूच विचारलं, हे काय? मी सांगितलं, आज आम्ही झाडूची पूजा करतो, लक्ष्मी मानतो तिला. काकू बराच वेळ केरसुणीकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा मऊ झालेला मी पाहिला नव्हता. मग म्हणाल्या, "वर्षातून एकदाच?"

आई आता मिरजेला आहेत. पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येत, पगार, पाऊस झाला की त्या हमखास विचारतात, "या आठवड्यात कुणाची?" आमची असली तर फोन घेऊन जिन्यात जावं लागतं. परवा नवरा दाराबाहेर उभा राहून एकेक पायरी दाखवत होता, आणि मिरजेहून सूचना येत होत्या : "जरा खाली घे कॅमेरा. अजून खाली. तो कोपरा दिसू दे." तेवढ्यात काकू वर आल्या, फोनमध्ये डोकावून आईंना हात केला, आणि बोट दाखवलं ते नेमकं त्याच कोपऱ्याकडे.